आग बाहेर, ऊब आत : विजेविना ट्रेलरमधील थंडीची रात्र

हाजी अली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या वरळीजवळचा, भरसमुद्रातला दर्गा उभा राहतो. पण अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटातही एक हाजी अली दफन आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. हे हाजी अली ऑटोमन साम्राज्याचे प्रजाजन आणि व्यवसायाने उंटवाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन लष्कराने आपल्या नैऋत्येकडील रखरखीत मुलखात ओझी वाहण्यासाठी उंट आणून पाहिले. त्यासाठी १८५५ मध्ये तेथील काँग्रेसने ३० हजार डॉलर मंजूर केले. उंटांबरोबर उंटांची जाण असलेली माणसेही आली आणि त्यांत हाजी अली होते. स्थानिकांच्या जिभेला हे नाव पेलेना, म्हणून त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइट या गावी त्यांचा इंतकाल झाला. १९३५ मध्ये त्यांच्या कबरीवर त्याच भागातील दगडांचा छोटा पिरॅमिड उभारण्यात आला. त्याच्या माथ्यावर तांब्याचा उंट आहे.

आज याच क्वार्ट्झसाइटभोवती दर हिवाळ्यात चाकांवरच्या घरांचे एक मोठे गाव वसते. कायमची वस्ती दोन-अडीच हजारांची, पण उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेली अमेरिका-कॅनडातील माणसे, त्यांत बरेचसे निवृत्त आजी-आजोबा, मोटारीमागे ट्रेलर जोडून इकडे येतात. सरकारी पडीक जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून मुक्काम करता येतो. जमीन अशी की जिथे नजर जाईल तिथे काटेरी झुडपे, खडी आणि मोकळे आकाश. दिवसा ऊन सुखाचे असते. रात्री मात्र वाळवंट आपली सगळी ऊब आकाशाला देऊन टाकते. जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो आणि एखाद्या रात्री शून्याशी सलगी करतो. त्यातून या जमिनीवर विजेची जोडणी नाही. मग पत्र्याच्या, पातळ भिंतींच्या त्या छोट्या घरात माणसे ऊब कशी मिळवतात?

आमच्या नात्यातील एक कुटुंब कॅलिफोर्नियात असते. त्यांनी असा ट्रेलर घेतला तेव्हा चिपळूणहून त्यांच्या अम्मींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "रात्री शेगडी कुठे ठेवता रे बाळा?" प्रश्न साधा होता, पण अगदी मर्मावर बोट ठेवणारा. आग कुठे ठेवायची यावरच त्या घरातली माणसे सकाळी उठतात की नाही हे ठरते. आणि ही गोष्ट केवळ अमेरिकेपुरती नाही. आपल्या न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, काश्मीरच्या सहलीतील बुखारी या सगळ्यांना तोच नियम लागू पडतो. म्हणून आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत.

विजेचे हिटर का चालत नाही?

सोयीच्या कॅम्पिंगच्या जागी प्रत्येक ट्रेलरसाठी एक खांब असतो. त्यात वायर खोचली की घरच्यासारखी वीज मिळते. तिथे साधे १५०० वॅटचे हिटर लावले की प्रश्न मिटला. खांब नसेल तर ट्रेलरमध्ये उरते ती १२ व्होल्टची बॅटरी. अनेकांना वाटते, बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, मग हिटर का नको? हे गणित आपण फळ्यावर मांडू या.

१५०० वॅटला १२ ने भागले की १२५ अँपिअर येतात. ट्रेलरची नेहमीची शिसे-आम्लाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची धरली, तर तिचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे ५०. पन्नासाला १२५ ने भागले तर उत्तर ०.४ तास, म्हणजे चोवीस मिनिटे! महागडी लिथियम बॅटरी घेतली तरी पाऊण तासाच्या पुढे मजल जात नाही. सौरऊर्जेचे काय? १०० वॅटचे एक पॅनेल हिवाळ्याच्या दिवसभरात फार तर पंचवीस-तीस अँपिअर-तास देते. तेच हिटर रात्री सहा तास चालवायचे तर अशी पंचवीस-तीस पॅनेल लागतील. इतके छतच ट्रेलरला नसते.

आता दुसऱ्या बाजूला गॅस पाहा. एक किलो प्रोपेन जाळले की सुमारे १३ युनिट ऊर्जा मिळते. तिथे सर्रास वापरतात त्या नऊ किलोच्या एका टाकीत जवळजवळ १२० युनिट उष्णता भरलेली असते. वर उल्लेखलेल्या बॅटरीत वापरण्याजोगे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिकच असते. म्हणून वीज नसेल तिथे ऊब इंधनातून घ्यायची आणि वीज केवळ दिवा, पंखा, पंप यांसाठी राखायची, हा तेथील जाणकारांचा पहिला धडा.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेले की द्रवाचा वायू होणे थांबते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहते. कडाक्याच्या थंडीत सिलिंडर हलवून पाहिले तर आत गॅस आहे, पण शेगडी पेटत नाही, असे घडते ते यामुळेच. थंड मुलखात प्रोपेन वापरण्याचे कारणही हेच.

पेटीतली भट्टी

बहुतेक ट्रेलरमध्ये कारखान्यातूनच एक गॅसची भट्टी बसवून येते. तिला तिथे फर्नेस म्हणतात. तिची रचना पाहिली की अम्मींच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. आग एका बंद धातूच्या पेटीत जळते. जळण्यासाठी लागणारी हवा ही पेटी ट्रेलरच्या बाहेरून ओढते आणि धूरही बाहेरच सोडते. आतला पंखा खोलीची हवा त्या तापलेल्या पेटीच्या पाठीवरून फिरवतो आणि गरम करून खोलीत परत सोडतो. आगीची हवा आणि माणसांची हवा यांची कुठे गाठच पडत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. काश्मीरमधील हमाम आठवा. तिथे दगडी फरशीखाली लाकडे जळतात, ती बाहेरच्या तोंडातून सारली जातात आणि वर बसलेल्या माणसांना केवळ तापलेल्या फरशीची ऊब मिळते. अनेक मशिदींत नमाजी लोक हिवाळ्यात याच उबेत बसतात. आग बाहेर, ऊब आत. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जे दगडात साधले, तेच या भट्टीत पत्र्यात साधले आहे.

पण भट्टीचाही एक दोष आहे. तिचा पंखा बॅटरीवर चालतो आणि ताशी सात अँपिअरच्या आसपास वीज खातो. रात्रीच्या बारा तासांत भट्टी निम्मा वेळ चालली, तर ४२ अँपिअर-तास गेले. वर सांगितलेल्या बॅटरीतले वापरण्याजोगे होते पन्नास. म्हणजे पहाटेपर्यंत बॅटरी तळाला जाते. आणि भट्टीत एक सुरक्षेची पाती असते. पंख्याचा वारा पुरेसा जोराने वाहिला तरच ती दबते आणि मगच गॅस सुटतो. बॅटरी दुबळी झाली की पंखा मंदावतो, पाती दबत नाही आणि टाकी भरलेली असूनही भट्टी पेटत नाही. पहाटे तीन वाजता, थंडी सर्वांत जास्त असताना, असे होते. नवखे लोक गॅस संपला म्हणून टाकी बदलतात. जाणते आधी बॅटरीचे व्होल्ट पाहतात.

गॅसचाही हिशेब ठेवावा लागतो. मध्यम आकाराची भट्टी ताशी साधारण चारशे ग्रॅम गॅस जाळते. दिवसातून सहा तास चालली तर नऊ किलोची टाकी तीन-चार रात्री पुरते. म्हणून बहुतेक जण पुढच्या दांड्यावर दोन टाक्या ठेवतात. एक संपली की दुसरी जोडायची आणि पहिली भरून आणायची.

वीज न खाणारी शेगडी

भट्टीला कंटाळलेले लोक मग विजेविना चालणाऱ्या गॅस हिटरकडे वळतात. त्यांत दोन प्रकार विशेष. एका प्रकारात प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप दिलेली जाळी असते. तिच्यावर गॅस ज्वाळेविना जळतो आणि ऊब पसरते. याला कॅटॅलिटिक हिटर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चिनीमातीची जाळी लालभडक होते आणि समोर बसलेल्याला उन्हासारखी धग लागते. दोन्ही शांत, स्वस्त आणि काटकसरी.

पण या दोन्हींना धुराडे नसते. ती खोलीतलाच प्राणवायू वापरतात आणि जे काही निर्माण होते ते खोलीतच सोडतात. म्हणून छताचा झरोका आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवणे बंधनकारक असते. थंडी वाजते म्हणून हिटर लावायचे आणि पुन्हा खिडकी उघडी ठेवायची, हे मनाला पटत नाही. माणूस हळूच खिडकी लावून घेतो. घात होतो तो तिथेच.

या हिटरांत प्राणवायू कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. ती चांगली आहे, पण तिच्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र दिसतो. ती फक्त प्राणवायूची घट ओळखते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखत नाही. शिवाय सुमारे सात हजार फुटांवर हवाच विरळ असते, तिथे हीच सोय हिटरला सारखे बंद पाडते. तेव्हा काही लोक ती काढून टाकण्याचा 'उपाय' करतात. असा उपाय कोणीही करू नये.

डिझेल आणि लाकूड

युरोपातील ट्रक आणि व्हॅनमध्ये डिझेलवर चालणारे छोटे हिटर फार दिवसांपासून आहेत आणि आता ते ट्रेलरमध्येही बसवले जातात. त्यांचेही तत्त्व बंद पेटीचेच: बाहेरची हवा घ्यायची, धूर बाहेर सोडायचा. दोन किलोवॅटचे असे यंत्र पूर्ण जोरात ताशी पाव लिटर डिझेल घेते. सुरू होताना काही मिनिटे आठ-दहा अँपिअर वीज लागते, नंतर एक-दोन अँपिअरवर भागते. त्यामुळे बॅटरी रात्रभर पुरते. धुराची नळी मात्र नीट बसवलेली हवी. ती ट्रेलरच्या खाली न संपता कडेच्या बाहेर न्यावी लागते, नाहीतर धूर फटींतून पुन्हा आत येतो.

काही हौशी मंडळी छोटी लाकडाची चूल बसवतात. तिला धुराडे हवे, आजूबाजूच्या भिंतींना पत्र्याचे कवच हवे आणि तिच्यावर लक्ष ठेवायला जागे माणूस हवे. झोपताना घरात आग जळती ठेवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आलेली आहे. ट्रेलरसारख्या लाकूड, फोम आणि प्लॅस्टिकच्या घरात तिचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

ओलीचा छुपा शत्रू

आम्ही वर्गात मुलांना एक प्रयोग करून दाखवतो. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा धरला की थोड्याच वेळात काच आतून धुरकट होते. ते पाणी कुठून आले? मेण जळताना तयार झाले. गॅसचेही तसेच. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. धुराडे असेल तर ते बाहेर जाते. नसेल तर ते खिडक्यांच्या थंड काचांवर, गादीखाली, कपाटाच्या पाठीमागे जाऊन साचते. त्यात दोन-चार माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ मिसळते. चार दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो आणि दम्याच्या रुग्णाला रात्र काढणे कठीण होते. खिडकी किंचित उघडी ठेवण्याचे हे दुसरे कारण.

न दिसणारा मारेकरी

आता सर्वांत महत्त्वाचे. इंधन पुरेशा प्राणवायूविना जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला घट्ट धरते. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, थकवा. माणसाला वाटते प्रवासाचा शीण असेल किंवा थंडीताप असेल. झोपलेल्याला तर एवढीही सूचना मिळत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार, आगीच्या दुर्घटना सोडून केवळ या वायूच्या अपघाती विषबाधेने त्या देशात दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात.

घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर ती खूण ओळखावी. आधी सर्वांना बाहेर काढावे, मग आग विझवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा.

यासाठी तिथे प्रत्येक ट्रेलरमध्ये दोन निरनिराळे सूचक लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका असल्याने त्याचा सूचक झोपण्याच्या जागेजवळ बसवतात. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्याचा सूचक जमिनीलगत. दोन्हींवर मुदतीची तारीख छापलेली असते. बटण दाबले की आवाज येतो म्हणजे यंत्र ठीक आहे असे नाही. मुदत संपली की ते बदलावेच लागते. आणि जनरेटर चालवायचे तर ते दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर ठेवायचे, असा दंडक आहे.

खोली नव्हे, अंथरूण तापवा

क्वार्ट्झसाइटच्या जुन्या मंडळींची खरी हुशारी मात्र हिटरमध्ये नाही, ती उष्णता राखण्यात आहे. खिडक्यांच्या एकेरी काचांवर चकचकीत फुगेदार कागदाचे तुकडे कापून बसवतात. छताच्या झरोक्यात उशी कोंबतात, पण एक झरोका हवेसाठी सोडतात. जमिनीवर जाड सतरंज्या अंथरतात. ट्रेलर असा उभा करतात की सकाळचे ऊन मोठ्या खिडकीतून आत यावे.

झोपताना भट्टी दहा-बारा अंशांवर उतरवतात आणि अंथरूण गरम करतात. १२ व्होल्टवर चालणारे विजेचे ब्लँकेट चार-पाच अँपिअर घेते. तासभर आधी लावून झोपताना बंद केले तर बॅटरीला कळतही नाही. त्याहून सोपे म्हणजे रबराची गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवणे. आपल्या आजीच्या गोधडीचे शास्त्रही हेच होते. अनेक थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. आपले शरीर हीच रात्रभर जळणारी, धूर न करणारी शेगडी आहे. तिची ऊब वाया जाऊ द्यायची नाही, एवढेच काम.

आपल्या घरी

आता हाच नियम आपल्या घराला लावून पाहू. हिवाळ्यात फजरच्या वुजूसाठी, मुलांच्या आंघोळीसाठी न्हाणीघरातला गॅस गिझर पेटतो. न्हाणीघर चार बाय पाच फुटांचे, दार बंद, खिडकी थंडी येते म्हणून लावलेली. म्हणजे क्वार्ट्झसाइटच्या ट्रेलरपेक्षाही लहान खोली आणि धुराडे नसलेली आग! दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा न्हाणीघरांतील मृत्यूंच्या बातम्या येतात. अनेकदा त्या तरुण मुलामुलींच्या असतात. 'पाय घसरला असेल', 'फिट आली असेल' असे बोलले जाते. पण कारण बहुधा हवेत असते.

तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी मिळून ठरवून टाकाव्यात.

१. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी.

२. कोळशाची शेगडी बंद खोलीत, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत, रात्रभर ठेवू नये. शेक द्यायचा असेल तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि शेगडी बाहेर न्यावी. निखाऱ्यांवर राख चढली, धूर दिसेनासा झाला, म्हणजे धोका टळला असे नाही. धूर नसलेले निखारेही हा वायू सोडतच असतात.

३. सहलीला तंबूत राहताना शेगडी, बार्बेक्यूची जाळी किंवा गॅसचा स्टोव्ह तंबूत आणू नये, पाऊस असला तरी.

४. काश्मीर-लडाखला गेल्यावर खोलीतील बुखारीचे धुराडे छताबाहेर जाते का, हे पाहुणे म्हणून विचारायला संकोच करू नये. झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगावी आणि जास्तीच्या रजया मागून घ्याव्यात.

५. बंद गॅरेजमध्ये गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपू नये.

६. परदेशी असलेल्या मुलांशी, भावंडांशी बोलताना 'जेवलास का' बरोबर 'घरातला सूचक चालू आहे का' हेही विचारावे.

कार्बन मोनॉक्साइडचा सूचक आपल्याकडेही आता विकत मिळतो. लग्नात, घरभरणीत आपण भिंतीवरचे घड्याळ भेट देतो. ज्या घरी गॅस गिझर आहे, त्या घरी यंदा घड्याळाऐवजी हा सूचक द्यावा, अशी आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. आणि हे पान वाचून झाले की उठून आपल्या न्हाणीघराची खिडकी उघडते का, तेवढे आजच पाहून घ्यावे.